एक जूनचा वाढदिवस आणि 13 वर्षांची अट

आपल्या खानदेशात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला जन्मतारीख विचारा, बऱ्याच वेळा उत्तर 1 जूनच येणार. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच टाकून दिलेली, खरी तारीख कोणाला माहितीये, आई सांगते की ज्या साली विहिरीला पाणी लागलं त्या साली झाला. वय तपासायची पद्धत पण एकदम सोपी होती, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं पहिलीत. फेसबुकवर 1 जूनला अर्ध्या गावाला शुभेच्छा द्याव्या लागतात तो हा प्रकार.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या मे महिन्यात अमळनेरला मामेभावाकडे गेलो होतो, कूलरसमोर त्याचा अकरा वर्षांचा पोरगा रील्सच्या एका अ‍ॅपवर अकाउंट उघडत होता. जन्मसाल विचारलं तर गड्याने वर्षांचं चाक असं काही भिरकावलं की ते थेट 1978 वर जाऊन थांबलं, तारीख 1 जून. म्हटलं हे काय रे, तर म्हणतो "काका, पप्पांचीच टाकली, पाठ आहे." ओटीपी आला तो पण पप्पांच्या नंबरवर, आणि पप्पांचा फोन याच्याच हातात. म्हणजे पालकांची परवानगी मिळाली सुद्धा! मामेभाऊ बाजूलाच भरताची वांगी भाजत होता, तो नुसता हसला, "माले नही समजस भो, पोऱ्याच करस सगळं."

तर अशा अ‍ॅपवर 13 च्या खालच्यांना खातं उघडता येत नाही, ही 13 वर्षांची अट आली कुठून. लोकांना वाटतं डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ वगैरेंनी बसून ठरवलं असेल की तेराव्या वर्षी पोराला अक्कल येते. तसलं काही नाही. भानगड जाहिरातींची होती. 1996 साली अमेरिकेत किड्सकॉम नावाच्या मुलांच्या साईटबद्दल तक्रार झाली, की ही साईट खेळाच्या नावाखाली पोरांकडून नाव-पत्ता-आवडीनिवडी काढून घेते आणि आईबापाला पत्ताच नाही. त्यातून 1998 ला मुलांची ऑनलाइन माहिती जपणारा 'कोपा' कायदा झाला, एप्रिल 2000 पासून लागू. 13 च्या खालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकांची खात्रीशीर परवानगी घ्या. मसुद्यात आधी 16 ची गोष्ट होती, पास होताना 13 झालं. बास, तोच आकडा पुढे जगभर फिरला, अमळनेरपर्यंत आला.

परवानगी घ्यायची कशी तर फॉर्म प्रिंट करून सही करा आणि पोस्टाने किंवा फॅक्सने पाठवा, नाहीतर क्रेडिट कार्ड वापरा, नाहीतर फोन करा. त्या काळात आपल्याकडे फॅक्स म्हणजे एसटीडी बूथवाल्याकडचं एक मशीन. पण अमेरिकेत पण कंपन्यांना हा खटाटोप नको होता, त्यामुळे बहुतेकांनी सरळ लिहून टाकलं की 13 च्या खालच्यांना प्रवेश नाही. 2006 ला फेसबुक सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा पण हेच. पोरं थांबली का, नाही, फक्त वय वाढवून आत गेली. 2011 ला डॅना बॉइड आणि सोबतच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की अमेरिकेतले बरेच आईबाप स्वतःच पोराला खोटं वय टाकून फेसबुकचं अकाउंट काढून देत होते. तिथे पण एक जून आहेच की.

आता असं नाही की खास मुलांसाठीच्या साईट्स कोणी काढल्या नाहीत. सगळ्यात भारी होती क्लब पेंग्विन, ऑक्टोबर 2005 ला कॅनडात सुरू झालेली. पोरगं पेंग्विन होऊन बर्फात फिरतं, इग्लू सजवतं, दुसऱ्या पेंग्विनशी बोलतं. पालकांचा ईमेल दिल्याशिवाय खातं चालू होत नव्हतं, आणि चॅटचा प्रकार निवडायची सोय होती. साध्या चॅटला शिव्या आणि फोन नंबर अडवणारी चाळणी, वर माणसं लक्ष ठेवायला. कडक चॅटमध्ये तर टाइपच करता येत नव्हतं, आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यांतून एक निवडायचं. म्हणजे अनोळखी माणूस समोर आला तरी तो पण तीच चार वाक्यं बोलणार. मला विचाराल तर मुलांच्या सेफ्टीसाठी इतकी डोकेबाज गोष्ट नंतर कोणी फारशी केली नाही. बाहेरच्या जाहिराती नाहीत, खर्च मेंबरशिपवर, महिना 6 डॉलरच्या आसपास. 2007 ला डिस्नेने 35 कोटी डॉलरला घेतली आणि मार्च 2017 ला बंद केली.

बाकीच्यांची गत अजून वाईट. इंबी म्हणून एक होती, पालकांच्या देखरेखीखालचं सोशल नेटवर्क म्हणवून घ्यायची, 2008 ला तिलाच 1 लाख 30 हजार डॉलर दंड, कारण परवानगी येण्याआधीच मुलांची माहिती घेत होती. कुंपणानेच शेत खाल्लं. टुगेदरविल 2010 ला आलं, त्यात आईबाप आपल्या फेसबुकवरून पोराचे मित्र निवडून देणार, डिस्नेने ते पण घेतलं आणि दोन वर्षांत बंद. माझं मत विचाराल तर अडचण दोनच, जाहिरात नाही तर पैसा येणार कुठून, आणि दहा वर्षांच्या पोराला दहा वर्षांच्या पोरांत बसायचंच नसतं, त्याला बारावीतल्या दादाच्या ग्रुपमध्ये घुसायचं असतं.

आपल्याकडे हा सगळा काळ ऑर्कुट नावाच्या सोशल साईटचा आणि सायबर कॅफेचा. तासाला पैसे मोजून बसायचं, प्लायवूडच्या खोपट्यात, आणि देखरेख म्हणजे कॅफेवाला, जो बापाला ओळखायचा. सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि ते खोपटं खिशात आलं. त्याच वर्षी यूट्यूब किड्स पण भारतात आलं, पण घरात फोन एकच, तो बापाच्या नावाचा, मग किड्सचं वेगळं अ‍ॅप टाकणार कोण. 2020 ला शाळा बंद झाल्या आणि शाळेनेच व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवायला सुरुवात केली. फोन अधिकृतपणे पोराच्या हातात गेला तो तेव्हा, परत आलाच नाही.

त्याच लॉकडाऊनमध्ये फेसबुकचं मुलांसाठीचं चॅट अ‍ॅप मेसेंजर किड्स भारतात पोचलं. अमेरिकेत ते डिसेंबर 2017 चं. पोराचं खातं आईबापाच्या फेसबुकमधून चालतं, कोणाशी बोलायचं ते पालक ठरवणार. तरी 2019 ला त्यात असा घोळ निघाला की ग्रुप चॅटमध्ये पालकांनी मंजूर न केलेली माणसं येत होती. इन्स्टाग्रामची मुलांसाठीची वेगळी आवृत्ती येणार होती, ती 2021 ला बोंबाबोंब झाल्यावर थांबवली.

आपला कायदा आला ऑगस्ट 2023 ला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. यात मूल म्हणजे 18 च्या खालचं, पालकांची पडताळलेली परवानगी हवी, मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायच्या नाहीत, कंपनी चुकली तर दंड 200 कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 ला निघाले आणि मुख्य अटी पाळायला 18 महिन्यांची मुदत दिली. ऑस्ट्रेलियाने उलटा रस्ता धरलाय, 10 डिसेंबर 2025 पासून 16 च्या खाली बऱ्याच मोठ्या सोशल मीडियावर खातंच नाही, आईबाप हो म्हणाले तरी नाही, जबाबदारी कंपनीची. आपण मात्र हो-नाहीचा निर्णय पालकावर ठेवला. तो पालक खरंच मोठा माणूस आहे का हे तपासायला डिजिलॉकरसारखी सोय वापरता येईल असं नियमात आहे.

हे मी मामेभावाला सांगितलं. तो म्हणाला डिजिलॉकर आहे ना माझं, पीकविम्याच्या वेळी काढलं होतं. उघडून दाखव म्हटलं. त्याने वांग्याचे काळे हात पाहिले आणि आत हाक मारली, "दाद्या, माझा पिन काय रे?"