न्यूयॉर्क गव्हर्नर निवडणूक, १८०४

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदासाठी एप्रिल १८०४ मध्ये झालेली निवडणूक. उमेदवार दोन आणि दोघेही डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाचे : राज्याचे सरन्यायाधीश मॉर्गन लुईस आणि देशाचे विद्यमान उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी या पक्षाची गल्लत करू नये.) लुईस यांना ३०,८२९ आणि बर यांना २२,१३९ मते पडली.

पक्षात तीन गट होते. क्लिंटन गट काका-पुतण्यांचा : काका जॉर्ज क्लिंटन गव्हर्नर, तर पुतण्या डिविट न्यूयॉर्क शहराचा महापौर. दुसरा गट जमीनदार लिव्हिंगस्टन घराण्याचा. लुईस त्या घराण्याचे जावई. तिसरा बर यांचा, मुख्यतः शहरातला. भांडण तत्त्वांचे कमी आणि नेमणुकांचे जास्त होते. महापौर, शेरीफ, न्यायाधीश अशी पदे तेव्हा मतदानाने नव्हे, तर गव्हर्नर आणि राज्याच्या सिनेटमधील चार सदस्य यांच्या नियुक्ती मंडळाकडून भरली जात. या मंडळावर ज्याची पकड, त्याच्या माणसांची सोय होई. या पदांचे मोल एवढे होते, की डिविट यांनी महापौर होण्यासाठी १८०३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमधील जागा सोडली.

१८०० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस जेफर्सन आणि उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मते पडून पेच झाला होता. तेव्हा बर यांनी स्पष्ट माघार घेतली नाही, म्हणून ते जेफर्सन यांच्या मनातून उतरले. फेब्रुवारी १८०४ मध्ये पक्षाने उपराष्ट्राध्यक्षपदासाठी बर यांना डावलून जॉर्ज क्लिंटन यांना पुढे केले. क्लिंटन गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभे राहणार नव्हते, त्यामुळे त्या पदासाठी बर रिंगणात उतरले. क्लिंटन आणि लिव्हिंगस्टन गटांनी आधी जॉन लॅन्सिंग यांचे नाव ठरवले. त्यांनी अंग काढून घेतल्यावर लुईस यांना उभे केले.

स्वतःचा उमेदवार नसलेल्या विरोधी फेडरलिस्ट पक्षातील अनेकांचा ओढा बर यांच्याकडे होता. ईशान्येची राज्ये देशातून वेगळी काढण्याचे मनसुबे रचणाऱ्या टिमथी पिकरिंग यांच्यासारख्यांनाही न्यूयॉर्कमध्ये बर हवे होते. त्याच पक्षाचे माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन मात्र कट्टर बरविरोधी. गंमत अशी, की फेब्रुवारीत राज्याची राजधानी ऑल्बनी येथे बदनामीच्या एका गाजलेल्या खटल्यात हॅमिल्टन ज्या न्यायपीठापुढे युक्तिवाद करत होते, त्याचे प्रमुख लुईसच होते. प्रचाराची पातळी हीन होती. जेम्स चीथम यांच्या ‘अमेरिकन सिटिझन’ या वर्तमानपत्राने बर यांच्या खासगी आयुष्याचीही लक्तरे वेशीवर टांगली.

गव्हर्नरसाठी मत देण्याचा अधिकार १०० पौंडांची स्थावर मालमत्ता असलेल्यांनाच होता. बर यांना न्यूयॉर्क शहरात निसटती आघाडी मिळाली, पण ग्रामीण भागाने लुईस यांना उचलून धरले.

हॅमिल्टन यांनी बर यांच्याविषयी तुच्छतेचे मत दिल्याचे सांगणारे एक पत्र एप्रिलमध्येच ऑल्बनीच्या वर्तमानपत्रात छापून आले होते. ते जूनमध्ये बर यांच्या हाती पडले. ११ जुलैला न्यू जर्सीतील वीहॉकेन येथे दोघांचे पिस्तुली द्वंद्व झाले आणि दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन मरण पावले.

विजयी युतीही टिकली नाही. १८०७ मध्ये लुईस यांच्या बाजूच्या नियुक्ती मंडळाने डिविट यांचे महापौरपद काढून घेतले. त्याच वसंतात क्लिंटन गटाच्या डॅनियल टॉम्पकिन्स यांनी लुईस यांना हरवले आणि १८०८ मध्ये डिविट पुन्हा महापौर झाले.