रासायनिक अस्त्रनिर्मिती केंद्रांचे उच्चाटन

विषारी अस्त्रे जिथे तयार झाली किंवा बाँबगोळ्यांत भरली गेली, असे कारखाने आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली कायमचे निकामी करण्याची प्रक्रिया. तिचा आधार म्हणजे २९ एप्रिल १९९७ रोजी लागू झालेला रासायनिक अस्त्रबंदी करार. अंमलबजावणी हेगस्थित रासायनिक अस्त्र प्रतिबंधक संघटना (ओपीसीडब्ल्यू) पाहते. १ जानेवारी १९४६ नंतर केव्हाही या कामी वापरलेले केंद्र जाहीर करावे लागते, मग ते कित्येक वर्षे बंद का असेना.

मुंबईत कारखाना बंद पडला की जुनी रिअ‍ॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह भंगारवाला किलोवर उचलतो. त्यातले जे धड असते ते सेकंडहँड माल म्हणून दुसऱ्या कारखान्यात पुन्हा उभे राहते. करार नेमकी हीच वाट बंद करतो. अस्त्रांसाठी खास घडवलेले यंत्र नुसते सोडवून, कुलूप लावून भागत नाही. ते पुन्हा जोडता येणार नाही इतके मोडावे लागते आणि निरीक्षक ते समक्ष पाहतात. पद्धत मात्र कुर्ल्याच्या कोणत्याही भंगार गल्लीत शोभेल अशीच. ऑक्टोबर २०१३ मध्ये सीरियात मिश्रण व भरणीची यंत्रे निकामी करताना गॅस कटर आणि ग्राइंडरच चालले.

एकूण १४ देशांनी ९७ केंद्रे जाहीर केली. त्यांपैकी ७४ नष्ट झाली, तर २३ शांततेच्या कामासाठी बदलून घेतली गेली. सगळीच लष्करी नव्हती. जपानने जाहीर केलेले केंद्र ओम शिनरिक्यो या पंथाच्या आवारात होते. १९९५ च्या टोकिओ मेट्रो हल्ल्यातला सारिन (मज्जासंस्था निकामी करणारे विष) याच पंथाचा. त्या इमारतीचे नाव ‘सातियान’, म्हणजे आपलेच ‘सत्य’! ती १९९८ मध्ये पाडली.

बदलून घेण्याची परवानगी अपवाद म्हणूनच मिळते. असा कारखाना इतर कोणत्याही साध्या कारखान्यापेक्षा जास्त सहजपणे अस्त्रांकडे वळवता येऊ नये, ही अट. वर दहा वर्षे तपासणी. खर्च ज्या त्या देशाचा.

भारतानेही आपली केंद्रे जाहीर केली होती. १,०४४ टन मस्टर्ड वायूचा (त्वचेवर फोड आणणारे रासायनिक अस्त्र; नावाला वायू, प्रत्यक्षात द्रव) साठा २००९ मध्ये संपवला. करार राबवण्याचा देशांतर्गत कायदा २००० चा.

मुंबईचा खरा संबंध पुढच्या टप्प्याशी, म्हणजे साध्या रसायन कारखान्यांवरच्या देखरेखीशी आहे. बॉलपेनची शाई आणि कापडाच्या रंगकामात चालणारे थायोडायग्लायकॉल हाच मस्टर्डचाही कच्चा माल. अशा रसायनांचे उत्पादन ठरावीक मर्यादेपुढे गेले की कारखान्याला दरवर्षी हिशेब द्यावा लागतो आणि हेगचे निरीक्षक दारात येऊ शकतात. या कामी उद्योगांना प्रशिक्षण आणि मदत देणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन केमिकल कौन्सिलला २०२४ चा ‘ओपीसीडब्ल्यू–द हेग पुरस्कार’ मिळाला.