पुराचं नुकसान मोजायचंय? आधी भिंतीवरची रेघ मोजा
भिडे पूल पाण्याखाली गेला की अख्ख्या पुण्याला कळतं, खडकवासला धरणातून किती क्युसेक सोडलं तेही लगेच व्हॉट्सॲपवर येतं (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर), पण त्यात कुणाचे किती पैसे बुडणार विचारलं की गाडी अडते. पंचनामे होतात ते मदतीसाठी, घरात पाणी नेमकं किती चढलं होतं हे त्यात सापडेलच असं नाही.

आणि सगळा खेळ त्या उंचीचाच आहे. किराणा दुकानात पहिल्या फुटातच खालची पोती जातात, फ्रिजचा कॉम्प्रेसर तळाशी असतो तोही जातो, नंतर थोडा वेळ फारसं काही जात नाही आणि पाणी मीटरबोर्डाला टेकलं की परत मोठा फटका. युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्राने २०१७ मध्ये जगभरासाठी असे उंची-नुकसानाचे आलेख दिलेत, पण खंडानुसार सरासरी काढून! सिंहगड रोडच्या सोसायटीत खाली नुसतं पार्किंग, म्हणजे आधी गाड्या, पंप आणि लिफ्ट जाणार, तिथे तो आलेख काय कामाचा?

बरं, सॅटेलाइट? सेंटिनेल-१ चं रडार ढगातूनही बघतं, पण ते रोज डोक्यावरून जात नाही आणि मुठा नदीचं पाणी काही तासांत उतरतं, वर बिल्डिंगांच्या गर्दीत त्याला पाणी नीट ओळखूही येत नाही. जमिनीच्या उंचीचे फुकटातले नकाशे घ्यावेत तर ३० मीटरचा एकेक चौकोन आणि चूक काही मीटरची. आपल्याला तर फुटाफुटाचा हिशोब हवाय.

म्हणून टेप घेऊन दारोदार फिरायचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत घुसला, २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं, अशा ठिकाणी भिंतीवर गाळाची रेघ राहते ती मोजायची. रेघ पुसली असेल तर माणसांना विचारायचं, लोकांना फूट आठवत नाहीत पण घोट्याएवढं, गुडघाभर, कमरेएवढं हे पक्कं आठवतं. मग पुढचा प्रश्न, छातीएवढं आलं असतं तर अजून काय गेलं असतं? इथे रुपये विचारायचे नाहीत, भरपाईच्या आशेने आकडा फुगतो, वस्तू विचारायच्या आणि भाव आपण लावायचे.

आता शक्यता. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, पण म्हणून असा पूर एकदा येऊन गेला की २५ वर्षं निवांत असं नाही हं, दरवर्षी शक्यता ४ टक्केच, आणि २५ वर्षांत एकदा तरी येण्याची जवळपास ६४ टक्के. अशा पुरात समजा दुकानाचे २ लाख जात असतील तर तो एकटा पूरच वर्षाला सरासरी ८ हजाराला पडतो, त्याहून मोठे पूर धरले तर आणखी. मीटरबोर्ड दोन-तीन फूट वर घ्यायला इलेक्ट्रिशियन किती मागतो ते त्याच्याशी ताडून बघा.