कोरोनात वाढलेली साखर आणि कोरोनाआधीचा मधुमेह

"मला कोरोनानं शुगर लावली" आणि "ती स्टेरॉइडची शुगर होती, गेली" ही दोन वाक्यं २०२१पासून ऐकत आलोय. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याची शहानिशा केलेली नसते. कोरोनाच्या वॉर्डात साखर ३०० आली म्हणजे मधुमेह झालाच, असं नाही. ती आपोआप जाईल असंही नाही.

मधुमेह काय असतो हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, ते सोडून देतो. मधुमेह्याला कोरोना पटकन होतो का, या वादातही फार अडकायला नको. ठाम पुरावा आहे तो झाल्यावर जड जाण्याचा. इंग्लंडमध्ये २०२०च्या पहिल्या लाटेत रुग्णालयात कोरोनाने दगावलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक मधुमेही होते.

खरी गल्लत वेगळीच आहे. मोठ्या आजारात शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन सोडतं, यकृत साखर रक्तात ओततं आणि शरीरभर पसरलेल्या दाहामुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो. मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर अशी चढते. त्यात स्टेरॉइडची भर. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीतून दिसलं, की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. तरी आपल्याकडे नुसत्या तापावर घरी बसून अनेकांनी ही गोळी घेतली, याचा मला अजून राग येतो. चढलेली साखर आणि स्टेरॉइड या जोडीनेच दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला, म्हणजे काळ्या बुरशीला, वाट करून दिली.

हा झाला आजाराने आणलेला चढ. दुसरी साखर असते आधीपासूनची. ज्याने आयुष्यात कधी रक्त तपासलं नाही, त्याचं पहिल्यांदा तपासलं गेलं ते कोरोनात. मधुमेह पाच-सात वर्षांचा जुना आणि कळला मात्र त्या दिवशी. मग दोष कोरोनाच्या माथी.

बोटाला सुई टोचून आलेल्या आकड्यावरून या दोन्ही ओळखता येत नाहीत. तो आकडा त्या घटकेचा. आज धो धो पाऊस पडला म्हणून धरणात साठा किती ते कळत नाही, तसंच हे. साठा कळतो एचबीएवनसीवरून. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. दाखल झाल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतला आकडा ६.५ टक्के किंवा जास्त असेल, तर चार दिवसांच्या तापाने तो तिथवर नेलेला नसतो; मधुमेह आधीचाच धरायचा. ५.७च्या खाली असेल आणि बोटाची साखर २५० असेल, तर तो बहुधा आजाराचा किंवा स्टेरॉइडचा चढ. या दोन आकड्यांच्या मधला माणूस आधीपासून मधुमेहाच्या काठावर उभा होता. अ‍ॅनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवतो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

वॉर्डात या फरकाने उपचार फारसे बदलत नाहीत. कारण काहीही असो, साखर खाली आणावीच लागते. अतिदक्षता विभागात साधारण १४० ते १८०च्या दरम्यान ठेवतात, बहुधा इन्सुलिनवर. फरक पडतो घरी आल्यावर. आमच्या शेजारच्या काकूंचं स्टेरॉइड थांबलं, पण कार्डावर 'डायबेटिस' लिहिलेलं म्हणून साखरेच्या गोळ्या त्याच मात्रेत चालू राहिल्या. एका पहाटे त्या घामाने निथळत, अडखळत बोलत असलेल्या सापडल्या. साखर ४८.

माझ्या मामाचं उलटं झालं. "स्टेरॉइडची आहे, जाईल" असं कुणीतरी सांगितलं आणि त्याने महिन्याभरात गोळ्या सोडल्या. दोन वर्षांनी पायाची जखम भरेना, तेव्हा मी जुनी फाइल उघडली. दाखल झाल्याच्या दिवशीचं एचबीएवनसी त्यात होतं, ९.४. कुणी पाहिलंच नव्हतं. मला हीच चूक जास्त भयंकर वाटते, कारण साखर कमी झाली की शरीर लगेच ओरडतं, वाढलेली साखर वर्षानुवर्षं गप्प राहून डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा खाते.

कोरोनानंतर मधुमेह खरोखर नव्याने झालेलेही आहेत, अभ्यासांत ते प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. पण ते ठरवायला आधीचा एखादा नॉर्मल रिपोर्ट हवा. तो नसेल तर "कोरोनानं लावली" म्हणू नये.

म्हणून जुनी फाइल काढा आणि दाखल झाल्यावेळचं एचबीएवनसी शोधा. तेव्हा केलंच नसेल, तर आता उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि एचबीएवनसी, तिन्ही करा. नुसती उपाशीपोटीची करून निर्धास्त होणं मला अजिबात पटत नाही: सकाळी प्रेडनिसोलोन (हेही एक स्टेरॉइड) घेणाऱ्याची साखर दुपार-संध्याकाळी चढते आणि पहाटे बरीचशी उतरलेली असते. सगळं नॉर्मल आलं तरी वर्षातून एकदा तपासा, कारण आजारात ज्यांची साखर चढली त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आणि गोळ्या चालू असतील, तर रिपोर्ट डॉक्टरांनी बघेपर्यंत एकही सोडू नका.