पाण्याखाली सुसाट, पाण्यावर रखडत

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतो. हिटलरकडे म्हणे अशी एक पाणबुडी होती, की ती सहा महिने आधी आली असती तर महायुद्धाचा निकालच फिरला असता. खाली शेपूट जोडलेलं असतं, की ही विद्या जर्मनांनी आपल्याच ग्रंथांतून उचलली. बॅटरीचे ६२ सेल कसे जोडायचे हे ज्या श्लोकात लिहिलंय तो कुणी दाखवला की शेपटाबद्दल बोलू. पाणबुडी मात्र खरी होती, आणि फॉरवर्डमधल्या बढाईपेक्षा ती कितीतरी जास्त रंजक आहे.

फॉरवर्डवाले बहुतेक मोठ्या 'टाइप २१'बद्दल बोलत असतात. माझा जीव तिच्या धाकट्या बहिणीवर, 'टाइप २३'वर. लांबी जेमतेम ३५ मीटर, रुंदी ३ मीटर, माणसं १४ ते १८. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात फिरायचं आणि गरज पडली तर तुकडे करून रेल्वेने न्यायचं, असा हिशोब होता. त्यामुळे आत जागा अशी नाहीच. टॉर्पेडो फक्त दोन, तेही आतून भरता यायचे नाहीत. बंदरात बोटीची शेपूट मुद्दाम पाण्यात दाबायची, नाक वर उचलायचं आणि सात मीटर लांबीचे ते धूड बाहेरून, नळीच्या तोंडातून, उलटे आत सरकवायचे. दोन डागले की घरी परत.

आता तिची खरी गंमत. त्या काळची जर्मनांची नेहमीची पाणबुडी, 'टाइप ७', पाण्यावर १७.७ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धावायची आणि पाण्याखाली ७.६. म्हणजे ती मुळात जहाजच, अडचणीपुरती बुडी मारणारं. 'टाइप २३'चं उलट होतं. पाण्यावर ९.७ नॉट, पाण्याखाली १२.५. बरं, वरचं डिझेल इंजिन आणि खालची विजेची मोटर यांची ताकद जवळपास सारखीच, सहाशे अश्वशक्तीच्या आसपास. मग बुडाल्यावर वेग वाढतो कसा?

पोहण्याच्या शर्यती बघणाऱ्यांना याचं उत्तर अर्धं ठाऊक असतं. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोकं बाहेर काढावंच लागतं. हा नियम नसता तर पट्टीचे पोहणारे पाण्याखालूनच जास्तीत जास्त अंतर कापत राहिले असते. पृष्ठभागावर चालणारी कुठलीही वस्तू पाणी बाजूला सारताना लाटा उठवते, आणि लाट उठवायला लागणारी ऊर्जा इंजिनाच्याच खिशातून जाते. या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९.७ नॉट म्हणजे सेकंदाला ५ मीटर. त्या वेगाला लाट साधारण १६ मीटरची. १४ नॉटच्या आसपास ती बोटीएवढी लांब होते, आणि मग बोट स्वतःच उठवलेल्या पाण्याच्या टेकाडावर चढत राहते. जितका जोर लावावा तितकं टेकाड उंच. खोल गेलं की लाटच नाही. उरतं फक्त पाण्याचं घर्षण आणि आकारामुळे होणारा विरोध. तो कमी करण्यासाठी 'टाइप २३'वरून तोफ काढली, लांबलचक सपाट डेक जवळजवळ काढून टाकला, अंग माशासारखं गुळगुळीत केलं. धडाचा बराचसा भाग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, वर मोठा गोल, खाली छोटा. त्या खालच्या पोटात बॅटऱ्या.

फुकट मात्र काहीच नाही. पाण्याखाली लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. वेळ निम्मा लागत असल्यामुळे ऊर्जा चौपट, म्हणजे त्याच बॅटरीत अंतर चौथाईवर. ४ नॉटने रांगत गेलं तर १९४ सागरी मैल. पूर्ण वेग म्हणजे निसटण्यापुरता घेतलेला श्वास.

दुसरी किंमत अधिक जीवघेणी होती. ही बोट ९ सेकंदांत बुडी मारायची, कारण तिच्याकडे तरंगण्याची शिल्लकच कमी. पृष्ठभागावर ती २३४ टन पाणी सारायची, बुडाल्यावर २५८. फरक २४ टनांचा, म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे जेमतेम अडीच टँकर. तेवढं पाणी टाक्यांत मुद्दाम घेतलं तर बुडी. तेवढंच नको तिथे शिरलं तर जलसमाधी.

युद्धातली कामगिरी थोडकी. पहिली बोट एप्रिल १९४४ मध्ये पाण्यात उतरली. एकूण ६१ सेवेत आल्या, पण मोहिमेवर गेल्या फक्त सहा. त्यांनी चार जहाजं बुडवली, ७,३९२ टनांची. शेवटची दोन यू-२३३६ या बोटीने स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत ७ मे १९४५ च्या रात्री बुडवली. त्याच दिवशी पहाटे शरणागतीवर सही झाली होती, आणि हल्ले थांबवण्याचा, हिटलरनंतर जर्मनीची सूत्रं हाती घेतलेल्या ॲडमिरल ड्यॉनिट्झचा आदेश त्याआधीच निघाला होता. त्या रात्री बुडालेल्यांना काय म्हणावं, मला कळत नाही.

युद्धानंतर ब्रिटिशांनी ताब्यात आलेल्या बहुतेक बोटी आयर्लंडच्या उत्तरेला नेऊन बुडवल्या. एक फ्रान्सला मिळाली; १९४६ च्या डिसेंबरात तूलाँजवळ गेली ती वर आलीच नाही. दोन बोटी मात्र १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीने समुद्रतळातून वर काढल्या, दुरुस्त केल्या आणि आपल्या नव्या नौदलात घेतल्या. नावं 'हाय' आणि 'हेख्ट'. पाणबुडीवाल्यांची नवी पिढी यांच्यावर शिकली. त्याच देशातून पुढे आपली आयएनएस शिशुमार आली, आणि शल्की, शंकुल मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या.

१४ सप्टेंबर १९६६ ला 'हाय' स्कॉटलंडच्या ॲबर्डीनकडे निघाली होती. उत्तर समुद्रात, डॉगर बँक नावाच्या उथळ भागावर, वादळ. बोट पृष्ठभागावरच होती. मधल्या काळात तिची लांबी थोडी वाढवली होती, पण स्वभाव तोच. पाणी आत शिरलं. २० जणांपैकी एक वाचला.