कामावरच्या अपघातांचे आकडे: मोजायला सुरुवात कुणी केली, कशासाठी केली

कुठल्या देशात कामावर किती माणसं मरतात, किती जखमी होतात, याचा तक्ता समोर आला की आपण लगेच वरून खाली नंबर लावायला बसतो, पण यातले बहुतेक आकडे मुळात देशादेशांची तुलना करायला गोळाच केलेले नाहीत. कुणाला मालकावर वचक ठेवायचा होता, कुणाला भरपाईचा हिशोब लावायचा होता, आणि त्या कागदांच्या ढिगातून हे आकडे आपोआप बाहेर पडत गेले. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि हे दुखणं पावणेदोनशे वर्षांहून जुनं आहे.

सुरुवात ब्रिटनच्या कापड गिरण्यांपासून करू. १८३३ च्या कायद्याने फॅक्टरी इन्स्पेक्टर नेमले, किती, तर अख्ख्या देशाला चार. मग १८४४ च्या कायद्यात यंत्रांभोवती कठडे घालायची सक्ती आली आणि सोबत अपघात कळवायचीही. ते कलम वाचण्यासारखं आहे: जखमी माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ९ च्या आत कामावर परत येऊ शकला नाही, तर गिरणीवाल्याने २४ तासांत लेखी कळवायचं. आणि कळवायचं कुणाला, तर सर्जनला! हा सर्जन म्हणजे पोरांच्या वयाचे दाखले देणारा डॉक्टर, पोरगं कामाला लावण्याइतकं मोठं झालंय की नाही ते बघणारा, आता त्यानेच जाऊन हात यंत्रात कसा गेला याचीही चौकशी करायची आणि इन्स्पेक्टरला रिपोर्ट धाडायचा.

म्हणजे सगळा खेळ सकाळच्या ९ चा. बोट चेचलेला माणूस फडकं गुंडाळून पावणेनऊला गेटवर हजर झाला की कागदावर अपघात झालाच नाही. आजही काही कंपन्यांत पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाला गाडी पाठवून आणतात, ऑफिसात एका खुर्चीवर बसवून ठेवतात, का तर सुट्टी पडली की 'इतके दिवस अपघात नाही' वाला बोर्ड परत शून्यावर येतो. आयडिया तीच, फक्त आता गाडी येते.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात १८८४ ला अपघात विम्याचा कायदा झाला, मालकांनी उद्योगवार संघ करून वर्गणी भरायची आणि जखमी कामगाराला त्यातून पैसे मिळायचे, चूक कुणाची हा वाद बंद. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद पडलं तर कळवायचं, पण पहिले १३ आठवडे माणूस आजारपणाच्या फंडावर, अपघात विम्याचा पैसा त्यानंतर सुरू. म्हणून जर्मन तक्त्यांत एक आकडा कळवलेल्या अपघातांचा आणि दुसरा, बराच छोटा, भरपाई दिलेल्यांचा. आता हात मोडला आणि दोन महिन्यांत जुळून आला असं धरा. ब्रिटिश गिरणीत तो सर्जनच्या वहीत पक्का, जर्मन भरपाईच्या तक्त्यात त्याचा पत्ताच नाही. ब्रिटनने १८९७ ला भरपाईचा कायदा केला त्यात परत पहिले दोन आठवडे वगळलेले, फ्रान्सने १८९८ ला आपला वेगळा कायदा केला. जितके देश तितक्या फूटपट्ट्या.

अमेरिकेत तर फूटपट्टीच नव्हती म्हटलं तरी चालेल. क्रिस्टल ईस्टमन नावाच्या वकीलबाईंनी पिट्सबर्ग ज्या अ‍ॅलेघेनी काउंटीत येतं तिथल्या कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नोंदी उपसल्या. जुलै १९०६ पासूनच्या एका वर्षात, एका काउंटीत, कामावर मेलेले ५२६. त्यातले १९५ पोलाद कारखान्यांतले. पुढे भरपाईच्या कायद्यांसाठी जो रेटा लागला त्यात या आकड्याचा वाटा मोठा. मृत्यूंची देशभर नीट मोजणी मात्र तिथे १९९२ पासूनची, त्यात मृत्यूचे दाखले, भरपाईचे कागद, पेपरातल्या बातम्या असं सगळं ताडून बघतात. मला विचाराल तर हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक, कारण एकाच कागदावर विसंबणं नाही.

१९१९ ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली आणि १९२३ मधे तिने जिनिव्हात देशोदेशीचे आकडेवाले बोलावले, या पहिल्याच परिषदेत औद्योगिक अपघातांच्या आकडेवारीवर ठराव झाला. नंतर १९४७, १९६२, १९८२ ला परत तोच विषय आणि आज ज्याचा आधार घेतात तो ठराव १९९८ चा. त्यात काय ठरलं, तर अपघाताचा दिवस सोडून किमान एक दिवस काम बुडालं तर मोजायचं, अपघातानंतर वर्षभरात मृत्यू झाला तर तो जीवघेणा धरायचा, घर ते कामाच्या वाटेवरचे अपघात वेगळे दाखवायचे. ठरलं सगळं, पण ठराव म्हणजे काही सक्ती नव्हे. जपानात चार दिवस किंवा जास्त काम बुडालं तर त्याचा वेगळा फॉर्म, ब्रिटनने २०१२ ला अपघात कळवायची मर्यादा काम बुडण्याच्या तीनपेक्षा जास्त दिवसांवरून सातपेक्षा जास्त दिवसांवर नेली. अमेरिका अपघातांचा दर काढते तो कामाच्या २ लाख तासांवर, म्हणजे १०० माणसं वर्षाला ५० आठवडे, आठवड्याला ४० तास, आणि आंतरराष्ट्रीय दर १० लाख तासांवर, त्यामुळे न बघता तुलना केली की थेट पाचपटीचा घोळ.

युरोपने १९९० पासून आपापसात जुळवाजुळव सुरू केली. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडलं तर मोजायचं असं ठरलं, तेच जुनं १८८४ चं माप. आणि तरीही रोमानियाचा तक्ता बघा, जखमींचा दर युरोपात अगदी तळाला आणि मृत्यूंचा सरासरीच्या वर. तिथले कामगार जखमी न होता थेट मरतात असं तर नाही ना! मृतदेह लपवणं अवघड, मोडलेला हात लपवणं सोपं, आणि कळवून कामगाराच्या हाती फारसं काही पडत नसेल तर कळवणार कोण. फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेनमधे कळवलं की विम्याचे पैसे मिळतात, म्हणून तिथले आकडे फुगलेले दिसतात. ब्रिटनमधे तर सरकारच घरोघरी सर्व्हे करून सांगतं की जीवघेणे नसलेल्या, कळवायलाच हव्यात अशा दुखापतींपैकी मालक साधारण निम्म्याच कळवतात.

शेतमजूर, स्वतःचा धंदा करणारे, रोजंदारीवाले यातल्या कित्येकांचा विमाच नाही, म्हणून विम्याच्या कागदात ते येतच नाहीत. जगाचा एकूण आकडा मग येतो कुठून? १९९९ मधे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या युक्का टाकाला यांनी अंदाज मांडला, वर्षाला साधारण ३ लाख ३५ हजार जीवघेणे अपघात. शेती, उद्योग, सेवा असे तीन भाग पाडून, ज्या देशांत नोंदी होत्या तिथले दर उचलून बाकीच्यांच्या कामगारसंख्येला लावले. तेव्हा त्या बेरजेतले कितीतरी देशांचे मृत्यू हे त्यांच्या स्वतःच्या वहीत नोंदलेले नाहीत, शेजाऱ्याच्या वहीतून उसने आणलेले आहेत.