एस्सावीरा

एस्सावीरा : मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील तटबंदीचे ऐतिहासिक बंदर. माराकेशच्या पश्चिमेस सुमारे १८० किमी. आणि अगादिरच्या उत्तरेस जवळपास तितक्याच अंतरावर. लोकसंख्या सुमारे ७८ हजार (२०१४). जुने नाव मोगादोर. स्थानिक लोक मात्र नुसते ‘स्वीरा’ म्हणतात, आणि बसस्थानकावर चौकशी करतानाही हाच उच्चार लवकर समजतो. नावाचे दोन अर्थ लावले जातात. एक ‘छोटा तट’ आणि दुसरा ‘चित्रासारखे रेखलेले’. शहर पाहिल्यावर दोन्ही पटतात. येथील मदिना, म्हणजे तटाच्या आतले जुने शहर, २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बहुतेक प्रवासी माराकेशहून सकाळच्या बसने येतात आणि संध्याकाळच्या बसने परततात. बसमध्ये जाताना तीन तास, येताना तीन तास. त्यांच्या वाट्याला येते ती नेमकी दुपार, जेव्हा वारा सर्वांत जोरात असतो आणि बंदरात गर्दी असते. सकाळचे शांत बंदर आणि संध्याकाळचा तट हे येथले उत्तम प्रहर त्यांच्या हातून निसटतात. म्हणून किमान दोन रात्री मुक्काम करावा.

वारा

एस्सावीरा समजून घ्यायचे तर सुरुवात वाऱ्यापासून करावी. अझोर्स बेटांजवळचा हवेचा उच्च दाब आणि उन्हाळ्यात तापलेल्या अंतर्भागावरचा कमी दाब यांच्या ओढीने ईशान्य व्यापारी वारे किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. एप्रिल ते सप्टेंबर हा त्यांचा जोराचा काळ. याच वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. समुद्र थंड असतो, हवा सौम्य राहते, सकाळी धुके येते आणि तारलीसारखे थव्याने फिरणारे मासे मुबलक मिळतात. हवा, मासळी आणि बंदराची भरभराट या तिन्हींचे मूळ एकच.

जुलैमध्ये माराकेशचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा येथे बाविशी-पंचविशीच्या आसपास असतो. सुती कपड्यांनिशी आलेला माणूस संध्याकाळी कुडकुडतो. भर उन्हाळ्यातही वारा अडवणारे जाकीट आणि कान झाकणारे काहीतरी जवळ हवे. छत्रीचा उपयोग नाही, ती उलटते. किनाऱ्यावरची वाळू दुपारी पोटऱ्यांना टोचते आणि कॅमेऱ्यात शिरते, त्यामुळे लेन्स बदलायची तर तटाच्या आत बदलावी. पोहण्याच्या आशेने येणाऱ्यांची निराशा होते, तर पतंगाच्या ओढीने लाटांवर घसरणाऱ्या काइटसर्फिंगवाल्यांना हाच किनारा हवाहवासा वाटतो. त्यांनाही अंगभर रबरी पोशाख लागतो. निवांत समुद्र हवा असेल तर सकाळी नऊच्या आत किनारा गाठावा. दुपारी मदिनेत फिरावे. तेथे उंच घरांच्या भिंती वारा अडवतात.

वाऱ्याबरोबर खारी दमट हवा येते आणि घराघरांत शिरते. हिवाळ्यात समुद्राकडच्या खोल्यांत चादरी ओलसर लागतात आणि अनेक जुन्या घरांत उष्णतेची सोय नसते. खोली ठरवताना हीटर आहे का आणि चौकावर छप्पर आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. समुद्राचे दृश्य त्यानंतर.

कागदावर आखलेले शहर

येथील तट पोर्तुगीजांनी बांधला, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. पोर्तुगीजांनी १५०६ मध्ये येथे ‘कास्तेलो रेआल’ नावाचा किल्ला उभारला. दिओगो द अझांबुजा हा त्याचा बांधकामप्रमुख. परंतु आसपासच्या टोळ्यांनी त्यांना टिकू दिले नाही आणि १५१० मध्ये किल्ला हातचा गेला. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी गोवा घेतला, हे मराठी वाचकाला लक्षात ठेवायला सोपे. खऱ्या पोर्तुगीज बांधणीचे मोरोक्कन शहर पाहायचे असेल तर उत्तरेला अल-जदीदा म्हणजे जुने ‘माझागान’ येथे जावे. ते १७६९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते.

आजचे एस्सावीरा सुलतान मोहम्मद बिन अब्दल्ला (कारकीर्द १७५७–१७९०) याने १७६० च्या दशकात वसवले. उत्तरेकडच्या साले या जुन्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, त्यामुळे मोठी जहाजे तेथे वर्षभर ये-जा करू शकत नव्हती. अगादिरचे बंदर बंडखोर दक्षिणेच्या हाती पैसा देत होते. सुलतानाने अगादिरचा परदेशी व्यापार बंद केला आणि आपल्या नजरेखालचे नवे बंदर उभे केले. आखणीसाठी थेओदोर कोर्न्यू या फ्रेंच अभियंत्याला बोलावले. त्यामुळे फेस या जुन्या मोरोक्कन शहराच्या मदिनेत हमखास वाट चुकणारा माणूस येथे चुकत नाही. बाब दुक्काला या उत्तरेकडच्या दरवाजापासून बंदराकडे जाणारा एक सरळ रस्ता शहर चिरत जातो आणि बाब माराकेशकडून येणारा दुसरा रस्ता त्याला छेदतो. छेदाजवळ बाजार आहे. धान्य, मासळी, मसाले आणि दागिने यांचे चौक तेथे एकमेकांना लागून आहेत. हे दोन रस्ते लक्षात राहिले की नकाशा खिशात ठेवावा.

बंदराचा दरवाजा, बाब अल-मर्सा, इस्लाम स्वीकारलेल्या एका इंग्रज कारागिराचे काम मानले जाते. त्याच्यावर हिजरी ११८४ (इ. स. १७७०–७१) हे वर्ष कोरलेले आहे. त्रिकोणी माथा आणि खांब युरोपीय, लेख अरबी, आणि शेजारी दगडातच चंद्रकोरी व शिंपले. दरवाजातून घाईने आत न जाता समोर पाच मिनिटे उभे राहिले तर शहराचा सगळा स्वभाव त्या एका भिंतीवर वाचता येतो.

व्यापार आणि मेल्लाह

सहाराच्या पलीकडून, तिंबक्तूच्या वाटेने, उंटांचे तांडे सोने, हस्तिदंत, शहामृगाची पिसे आणि डिंक घेऊन येत. जवळच्या मुलखातून बदाम, कातडी आणि तेल येई. परतीला इंग्रजी सुती कापड आणि चीनचा हिरवा चहा जाई. पुदिना घातलेला हा चहा आज मोरोक्कोची ओळख आहे आणि त्याच्या प्रसारात या बंदराचा मोठा वाटा होता. व्यापार सांभाळणाऱ्यांना ‘सुलतानाचे व्यापारी’ म्हणत. त्यांत ज्यू घराण्यांचा भरणा होता. सुलतान त्यांना भांडवल आणि घर देई, तेही त्याला बांधील राहत. १८०७ मध्ये गरीब ज्यूंसाठी मेल्लाह ही वेगळी वस्ती झाली. धनिक व्यापारी मात्र कसबा, म्हणजे तटबंद सरकारी भागातच राहिले.

ऑगस्ट १८४४ मध्ये फ्रेंच आरमाराने शहरावर तोफा डागल्या आणि पाठोपाठ आसपासच्या टोळ्यांनी ते लुटले. पुढे आगबोटी, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची नवी बंदरे आणि शेवटी कासाब्लांका यांनी व्यापार ओढून नेला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ज्यू समाजही जवळपास सगळा बाहेर पडला. मेल्लाहमधली समुद्राकडची घरे आज कोसळलेली दिसतात. येथला दगड वाळूचा, सच्छिद्र. त्यात खारे पाणी मुरते, सुकताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड भुग्यासारखा सुटतो. माणूस राहता असला की चुना लागतो, गळती बुजते. घर सोडले की काही दशकांत भिंत जाते. २०२० मध्ये खुले झालेले ‘बैत दाकिरा’ हे ज्यू वारशाचे स्मृतिगृह आणि स्लात ल-कहाल हे सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) अवश्य पाहावे. रब्बी (ज्यू धर्मगुरू) हाईम पिंटो यांच्या समाधीला दरवर्षी, साधारण सप्टेंबरात, जगभरातून वंशज आणि भाविक येतात. त्या दिवसांत खोल्या मिळणे अवघड होते.

पोहोचणे

एस्सावीराला रेल्वे नाही. भारतातून साधारणपणे आखाती देश किंवा युरोपमार्गे कासाब्लांका, तेथून रेल्वेने माराकेश आणि पुढे बस, असा प्रवास पडतो. माराकेशच्या रेल्वेस्थानकाशेजारून सुप्रातूर या कंपनीच्या बस सुटतात. सेतेएम या दुसऱ्या कंपनीच्याही आहेत. जून ते ऑगस्ट आणि सुट्ट्यांत जागा आदल्या दिवशीच संपतात, म्हणून परतीचे तिकीट पोहोचल्या पोहोचल्या काढावे. सामायिक ‘ग्रां ताक्सी’त सहा प्रवासी भरले की गाडी निघते. घाई असेल तर रिकाम्या जागांचे पैसे आपण द्यावेत. शहराच्या दक्षिणेस सुमारे १५ किमी.वर छोटा विमानतळ आहे, तेथे मुख्यतः युरोपातील विमाने उतरतात.

भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो. दिरहम देशाबाहेर अधिकृतपणे मिळत नाही, तो उतरल्यावर बदलून घ्यावा आणि उरलेला निघण्यापूर्वी परत करावा. पावत्या जपून ठेवाव्यात. घड्याळ भारतापेक्षा साडेचार तास मागे असते, रमजानमध्ये साडेपाच. हा रमजानचा एक तास बस चुकवतो.

मदिनेत वाहने जात नाहीत. दरवाजांशी हातगाडीवाले उभे असतात. सामान गाडीवर चढवण्याआधी रक्कम ठरवावी, नंतर नाही. मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो. शुक्रवारी दुपारी बरीच दुकाने बंद असतात.

तट आणि बंदर

समुद्राकडचा ‘स्काला’ हा तटाचा सर्वांत देखणा भाग. स्पेनमध्ये ओतलेल्या पितळी तोफांची रांग समुद्राकडे तोंड करून आहे. येथे सूर्यास्ताच्या तासभर आधी यावे. बंदराजवळच्या दुसऱ्या स्कालासाठी तिकीट असते. तिथल्या भिंतीतल्या गोल झरोक्यातून पांढरे शहर, काळे खडक आणि गलबलणारे समुद्रपक्षी एका चौकटीत दिसतात.

बंदरात निळ्या रंगाच्या लहान होड्या दाटीवाटीने बांधलेल्या असतात आणि बाजूच्या आवारात मोठ्या लाकडी मासेमारी बोटी आजही हाताने बांधल्या जातात. आधी कणा, मग बरगड्या, मग फळ्या, आणि फळ्यांच्या फटींत तंतू ठोसून भरणे. कोकणातला डालदी किंवा कोळी येथे उभा राहिला तर त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. समुद्र उसळलेला असला की बोटी जात नाहीत आणि त्या दिवशीचे मासे कालचे असतात, हे खाण्याआधी ध्यानात घ्यावे.

भाजलेले मासे खायची रीत अशी. मांडणीवरचा मासा स्वतः निवडावा. डोळा फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल, पोट घट्ट. भाव किलोचा की नगाचा ते विचारावे. समोर तोलून घ्यावा. भाजणावळ, पाव आणि कोशिंबीर त्यात आली का, हे विचारून एकूण आकडा वदवून घ्यावा. गडबड बहुतेक वेळा येथेच होते. मूठभर कोळंबी किंवा माकूळ ‘चवीला’ म्हणून ताटात येते आणि बिलात वजनाने लागते. न मागितलेले तेव्हाच परत करावे. तारली सर्वांत स्वस्त आणि कोळशावर सर्वांत चवदार. कोथिंबीर, लसूण, जिरे, लाल मिरची आणि लिंबाचे ‘शेर्मुला’ वाटण लावलेली असेल तर ती आपल्या जिभेला घरची वाटते.

शाकाहारी माणसाने ‘ब्ला ल्हम’ (मांसाशिवाय) एवढे दोन शब्द शिकावेत. तरीही भाज्यांचा कुसकुस (गव्हाच्या रव्याचा वाफवलेला पदार्थ) किंवा तजीन (मातीच्या भांड्यातला रस्सा) बरेचदा मांसाच्या रश्श्यातच शिजलेला असतो. बिसारा हे सुक्या बाकल्याचे दाट सूप, झालूक हे वांग्या-टोमॅटोचे भरीत आणि पदर सुटणारी मसेम्मन पोळी ही त्यातल्या त्यात खात्रीची निवड.

लाकूड आणि तेल

तटाखालच्या कमानींत थुया या सुरूच्या जातीतल्या झाडाच्या लाकडाचे कारागीर बसतात. मोल असते ते बुंध्याशी जमिनीखाली वाढणाऱ्या गाठीला. तिचा काप पॉलिश केला की बिबट्याच्या कातड्यासारखे ठिपके उमटतात. त्यात लिंबाच्या लाकडाच्या पट्ट्या आणि शिंपल्याचे तुकडे जडवतात. झाड तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते, पण गाठ खणून काढली की मरते. म्हणून मोठ्या वस्तूंचा मोह आवरावा. पेटी घेताना झाकण उघडून नाकाशी धरावे. खऱ्या थुयाचा वास तिखट, धुपासारखा असतो. बिजागरीकडच्या कडेला केसाएवढी चीर दिसली तर लाकूड नीट वाळलेले नाही. कोरड्या घरात ती चीर वाढते.

अर्गानचे झाड याच पट्ट्यातले. एक लिटर तेलाला सुमारे ३० किलो फळे लागतात. बायका दगडावर दगड ठेवून बी फोडतात. आतला गर खाण्याच्या तेलासाठी भाजतात, त्वचेच्या तेलासाठी भाजत नाहीत. मग तो ‘अझर्ग’वर दळतात. हे आपल्या जात्याचेच भावंड, फक्त वरची तळी निमुळती. दळलेल्या लगद्यात थोडे कोमट पाणी घालून मळत राहिले की तेल सुटते. हाताने काढलेल्या तेलात हे पाणी थोडे राहते, त्यामुळे ते यंत्राच्या तेलापेक्षा लवकर खवट होते. गडद बाटलीतले, थोडेच घ्यावे. फारच स्वस्त तेलात सूर्यफुलाची भेसळ असते. माराकेशच्या वाटेवर झाडांवर उभ्या शेळ्या दिसतात. शेळ्या अर्गानवर खरोखर चढतात, पण रस्त्याकडेला छायाचित्रासाठी त्यांना बरेचदा वर बांधून ठेवलेले असते. तेथे गाडी थांबवू नये.

ग्नावा

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचे हे संगीत. तीन तारांचे गिंब्री आणि लोखंडी करक्राब ही त्याची वाद्ये. मूळ विधी ‘लीला’ रात्रभर चालतो. १९९८ पासून जूनमध्ये होणाऱ्या महोत्सवामुळे ते जगभर पोहोचले. महोत्सवाच्या दिवसांसाठी राहण्याची सोय काही महिने आधी करावी.

दिआबात आणि बेट

किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत गेले की कसोब नदीच्या मुखाजवळ वाळूत रुतलेला बुरूज दिसतो आणि पुढे दिआबात गाव लागते. अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १९६९ मध्ये एस्सावीराला आला होता. वाळूच्या किल्ल्यांवरचे त्याचे गाणे या बुरुजावरून सुचले, असे दुकानदार सांगतात. ते गाणे १९६७ मधले आहे. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. म्हणून पाणी आणि वेळ परतीसाठी राखावा, आणि भरतीत नदी ओलांडू नये.

समोरचे मोगादोर बेट उपसागराला आडोसा देते. येथे फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांची वखार होती, आणि पुढे मॉरेटेनियाचा (या भागातले प्राचीन राज्य) राजा युबा दुसरा याच्या काळात समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढला जाई. आता ते एलिओनोरा ससाण्यांचे आहे. हे पक्षी मादागास्करहून वसंतात येतात, पण पिले उन्हाळ्याच्या अखेरीस काढतात, कारण तेव्हा युरोपातून स्थलांतर करणारे छोटे पक्षी समुद्रावरून जातात आणि पिलांना भरवता येते. या काळात बेटावर उतरता येत नाही, एरवीही परवाना लागतो. ससाणे पाहायला बेटावर जाण्याची गरज नाही. मे ते ऑक्टोबरात, दिवस कलल्यावर, दुर्बीण घेऊन कसोबच्या मुखाशी बसावे. ते पाणी प्यायला आणि किडे टिपायला तेथे येतात.